ग्रीकांचं ‘युडायमोनिया’ म्हणजे आपण म्हणतो तोच आनंद का?

नाही. आनंद मनाला जाणवतो आणि ओसरतो. युडायमोनिया, म्हणजे चांगलं, सफल जगणं, ठरते अख्ख्या आयुष्याकडे पाहून. ग्रीक इतिहासकार हेरोडोटसने सांगितलेली गोष्ट बघा. लिडिया या प्राचीन राज्याचा गडगंज राजा क्रीसस अथेन्सच्या सोलोन या शहाण्या कायदेकर्त्याला विचारतो, जगात सर्वांत सुखी कोण? त्याला स्वतःचं नाव ऐकायचं असतं. सोलोन मात्र टेलस नावाच्या एका अथेन्सवासीयाचं नाव घेतो: भरभराटीचं नगर, गुणी मुलं, नातवंडं आणि नगरासाठी लढताना आलेलं मरण. शेवट पाहिल्याशिवाय कुणाला सुखी म्हणू नये, असं तो बजावतो. पुढे पर्शियाच्या सायरसने क्रीससचं राज्य घेतलंच.

अ‍ॅरिस्टॉटल (इ.स.पू. ३८४–३२२) भर देतो तो कृतीवर: विवेकाने, सद्गुणांनी, आयुष्यभर जगणं. म्हणून लहान मूल कितीही आनंदात असलं तरी त्याला तो हे बिरुद देत नाही. मित्र, थोडा पैसा, नशीब यांचीही गरज तो मान्य करतो. इथे मला तो स्टोइक पंथाच्या तत्त्वज्ञांपेक्षा जास्त पटतो. त्यांच्या मते एकटा सद्गुण पुरतो, आणि हे भुकेल्या माणसाला सांगणं कठीण आहे. एपिक्युरस हा आणखी एक ग्रीक तत्त्वज्ञ सुखालाच ध्येय मानतो, पण त्याचं सुख म्हणजे शरीराला वेदना नसणं आणि मनाला भीती नसणं.