सायकलवर कोकणातून पुणे-गोवा: सॅक पाठीवर की पॅनियर?

पाठीवर सॅक घेऊन आठ दिवस जमेल का, की कॅरिअर आणि पॅनियरचा (कॅरिअरच्या दोन्ही बाजूंना लटकवायच्या बॅगांचा) खर्च करावाच लागेल, असं विचारलंय तुम्ही. पाठीवर काही घेऊ नका. मी पहिल्या ट्रिपला सहा किलोची सॅक घेतली होती, ताम्हिणी उतरेपर्यंत काहीच वाटलं नाही, पण दुसऱ्या दिवशी श्रीवर्धनच्या दमट हवेत पट्ट्यांखाली घामोळं उठलं आणि ते सगळं वजन शेवटी सीटवरच येतं ना, त्यामुळे संध्याकाळी जेवायला बसणं मुश्किल झालं.

आता काय घ्यायचं ते फ्रेम बघून ठरवा. मागच्या चाकाच्या एक्सलजवळ आणि वर सीटखाली बोल्टची भोकं आहेत का? साध्या हायब्रिडला (रोडबाइक आणि माउंटन बाइकच्या मधली सायकल) बहुतेक असतात, मग सरळ कॅरिअर आणि दोन पॅनियर घ्या. कार्बनची रोडबाइक असेल तर सीटमागची लांबट बॅग आणि हँडलला बांधायची एक गुंडाळी-बॅग, त्यात मावेल तेवढंच सामान.

जड वस्तू पॅनियरच्या तळाला, दोन्हीकडे वजन सारखं, आणि पेडल मारताना टाच बॅगेला घासत नाही ना ते घरीच बघा. कॅरिअरवर 25 किलो लिहिलंय म्हणून 25 भरू नका, मागच्या चाकाचे स्पोक जातात. लॉजवर राहणार असाल तर 8-9 किलोत आरामात भागतं. बॅग वॉटरप्रूफ असली तरी आत कपडे प्लास्टिकच्या पिशवीत.

बोल्टकडे मात्र रोज सकाळी लक्ष द्या. केळशीच्या अलीकडे खडबडीत रस्त्यावर माझ्या कॅरिअरचा खालचा बोल्ट कधी गळून पडला कळलंच नाही, कॅरिअर एका बाजूने चाकाकडे कललं. जुन्या ट्यूबची पट्टी जवळ होती, तिने करकचून बांधलं आणि तसाच दापोलीपर्यंत गेलो, तिथे हार्डवेअरच्या दुकानात पाच एमएमचा बोल्ट आणि नायलॉक नट (आत नायलॉनची रिंग असलेला, सहसा सैल न होणारा) मिळाला. तेव्हापासून चार बोल्ट जास्तीचे आणि ट्यूबचा तुकडा कायम बरोबर असतो.

बागमांडला-वेश्वी, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड अशा तीन फेरीबोटी लागतील, सायकल गाड्यांमध्ये उभी करून आपण कठड्याशी जातो, म्हणून पैसे-मोबाइल हँडलच्या छोट्या पाऊचमध्ये, तो काढून गळ्यात. खाडी ओलांडली की लगेच चढ असतो हे धरूनच चाला.

निघायच्या आठवडाभर आधी पूर्ण सामान लावून एकदा कात्रजचा जुना घाट चढून या, तिथेच कळेल काय घरी ठेवायचं.