जुन्या पिकअपमध्ये नवं इंजिन बसवलं तर गाडीची किंमत मातीमोल होते का?

नाही होत. हे वाक्य माझ्या साडूच्या तोंडून मी इतकी वर्षं ऐकतोय की तुमचा प्रश्न दिसला आणि हात शिवशिवले. तुम्ही लिहिलंय की कॅलिफोर्नियात 1972 चा शेव्हरले सी-10 घेतलाय, सहा सिलिंडरचं मूळ इंजिन धूर ओकतंय, त्याजागी 5.3 लिटरचं एलएस (जनरल मोटर्सचं नव्या पिढीचं व्ही-8 इंजिन) टाकायचं मनात आहे, पण मित्र 'ओरिजिनल ठेव' म्हणून मागे लागलेत. त्या मित्रांपैकी कोण तो ट्रक रोज चालवणार आहे, तेवढं आधी विचारून घ्या.

आम्ही दोघे साडू मिशिगनमध्ये. दोघांकडेही 1969 चे सी-10. त्याचा अस्सल, होजचे क्लॅम्पसुद्धा त्याच सालचे शोधून लावलेले. माझा ॲरिझोनातून आणलेला, कारण इकडे थंडीत रस्त्यावर मीठ टाकतात आणि त्या मिठाने केबिनचे खालचे कोपरे आणि दाराखालचा पत्रा कधीच खाल्लेला असतो. माझ्या ट्रकचा पत्रा ठणठणीत होता, इंजिन मात्र संपलेलं. 250 क्युबिक इंचाचं, कागदावर 155 हॉर्सपॉवर. ती तेव्हाची ग्रॉस मोजणी, म्हणजे इंजिन बेंचवर ठेवून, अंगावरचं सगळं ओझं उतरवून घेतलेली. त्यातली चाकापर्यंत किती पोचते ते हायवेच्या रॅम्पवर मागचा ट्रकवाला हॉर्न वाजवून सांगायचा.

म्हणून मागून ठोकलेली 2002 ची टाहो घेतली. तिचं 5.3, तिचीच 4एल60ई गिअरबॉक्स, तिचाच कॉम्प्युटर, तिचंच वायरिंग. 285 हॉर्सपॉवर, शिवाय ओव्हरड्राइव्ह, म्हणजे हायवेवर इंजिन सावकाश फिरवणारा वरचा गिअर. साडूने वुडवर्डच्या ड्रीम क्रूझला (डेट्रॉइटजवळचा जुन्या गाड्यांचा मेळा), ऑगस्टच्या भर गर्दीत, बॉनेट उघडं बघितलं आणि चारचौघांत म्हणाला, ''अहो, बाटवलीत तुम्ही गाडी!'' त्याची गाडी तिथवर ट्रेलरवर चढून आली होती. हे मी तेव्हा बोललो नाही, बायको शेजारी होती.

आता बोलतो. 1967 ते 72 या पिढीचे सी-10 शेव्हरलेने ढिगाने बनवले. सहा सिलिंडरचा साधा ट्रक हा शेतावर आणि प्लंबरकडे राबायला होता, त्याचं देवघर करायचं कारण नाही. मूळ 402 बिग ब्लॉक (मोठं व्ही-8) असलेला, कागदपत्रांसकट मिळालेला ट्रक असेल तर हात लावू नका, तिथे साडूचं बरोबर. बाकीच्यांना नीट केलेलं एलएस बघून गिऱ्हाईक उलट जास्त मोजतं. खुद्द शेव्हरले जुन्या गाड्यांत टाकायला इंजिन, कॉम्प्युटर आणि वायरिंग एकत्र बांधून विकते. मग कंपनीनेच बाटवली म्हणायची का?

खरी गोम इंजिनात नसतेच. तुमची पेट्रोलची टाकी कुठे आहे बघितलंत ना? केबिनमध्ये, सीटच्या पाठीमागे. जुन्या कार्ब्युरेटरला पेट्रोलचा दाब पाच-सहा पीएसआय पुरायचा, एलएसच्या इंजेक्टरना पेट्रोल देणाऱ्या रेलमध्ये 58 लागतो. पन्नास वर्षं जुनी रबरी नळी एवढ्या दाबाखाली तुमच्या पाठीमागून जाणार, हा विचार करूनच मी टाकी काढली आणि मागे हौद्याखाली चासीच्या मधोमध बसवली. साडू म्हणाला, ''एवढं कशाला? जुनी लाइन चालते की.'' त्याच्या गाडीत बसलं की कपड्यांना पेट्रोलचा वास लागतो, एवढंच सांगतो.

मग ब्रेक. 1969 च्या सी-10 ला चारही चाकांना ड्रम. 285 हॉर्सपॉवर आणि चार ड्रम घेऊन उतारावर निघणाऱ्याला मी शूर म्हणत नाही. पुढे डिस्क घातल्या, सोबत नवा मास्टर सिलिंडर आणि बूस्टर, आणि मगच इंजिनाला हात लावला. तुमच्याकडे 1972 आहे, म्हणजे पुढे कंपनीच्याच डिस्क असणार, पण कॅलिपर आणि होज बदलाच. सिलिंडर हेडवरून वाफ काढणारी बारीक नळी वर रेडिएटरकडे न्या. ती कोणी बंद केली की हवा अडकते आणि इंजिन विनाकारण तापतं. टाहोचं ऑइल पॅन खाली लोंबतं, त्याऐवजी 1998 ते 2002 च्या कॅमॅरोचं बसवतात.

पहिल्यांदा चालू करायच्या दिवशी साडू मुद्दाम आला, गॅरेजमध्ये स्टुलावर चहा घेऊन बसला. चावी फिरवली, मागे पंप दोन सेकंद गुणगुणला, इंजिनने धरलं आणि लगेच मेलं. पुन्हा तेच. प्रत्येक वेळी धरायचं, दोन सेकंद चालायचं, गप्प. साडू चहाचा घोट घेऊन म्हणाला, ''बघा, तिलाच नकोय.'' मला लक्षण ओळखीचं होतं: चोरीविरोधी कुलूप. टाहोच्या मूळ चावी-कुलपाचा सिग्नल मिळत नाही म्हणून कॉम्प्युटर पेट्रोल तोडतो. ज्याच्याकडून कॉम्प्युटर प्रोग्राम करून घेतला त्याने 'ते काढलंय' म्हणून पैसे घेतले होते, आणि काढलं नव्हतं. लॅपटॉप जोडला, कुलूप काढलं, चावी फिरवली. नंतर इंजिन असं शांत चालत राहिलं की साडूला दुसरा चहा द्यायला कोणाला सुचलं नाही.

तोच ट्रक मॅकिनॉ पूल ओलांडून अपर पेनिन्सुलापर्यंत जाऊन आलाय, दर भाद्रपदात मखराचे खांब आणि सतरंज्याही वाहतो. साडूच्या हौद्यात काही ठेवायचं म्हटलं तर रंगाला ओरखडा पडतो. आणि हो, त्याचा एक्झॉस्ट मॅनिफोल्ड तडकला तेव्हा अस्सल त्याच सालचा कुठून मिळाला? माझ्या काढून ठेवलेल्या इंजिनावरून. म्हणून तुमचं जुनं इंजिन विकू नका. तेल घालून, भोकं बंद करून कोपऱ्यात ठेवा. पुढे कोणाला ओरिजिनलच पाहिजे असेल तर सोबत देता येतं.

राहिलेलं थोडक्यात. कॅलिफोर्नियात 1975 पर्यंतच्या पेट्रोल गाडीला स्मॉग चेक (धुराची सरकारी तपासणी) द्यावा लागत नाही, तुमची सुटली. 1976 किंवा नंतरची असती तर इंजिन गाडीच्याच किंवा नंतरच्या सालचं, त्याच्या सगळ्या प्रदूषण यंत्रणेसकट, आणि वर रेफ्रीची, म्हणजे राज्याच्या खास तपासनीसाची, तपासणी. भारतातून वाचणाऱ्यांनी यातलं काही आरटीओला न विचारता करू नये, गाडीतल्या फेरफारांबद्दलचं मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आडवं येतं. शिवाय 2021 च्या विंटेज नियमांत 50 वर्षांहून जुनी आणि मूळ स्वरूपातली गाडीच बसते, इंजिन बदललं की विंटेज नंबरप्लेटचं विसरा.

खर्चाचंही विचारलंत. इंजिन-गिअरबॉक्सला जे लागतील तेवढेच पुन्हा टाकी, ब्रेक आणि वायरिंगसाठी बाजूला ठेवा, आणि जिचं इंजिन काढायचं ती डोनर गाडी पार्ट-पार्ट न घेता अख्खी घ्या.