ताशी मजुरी, जादा काम आणि जेवणाची सुट्टी

प्रश्न : मी वाळूज औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात ठेकेदारामार्फत ताशी दराने पॅकिंगचे काम करतो. पाळी बारा तासांची असून आठवड्याचे सहा दिवस काम असते. जेवणाचा अर्धा तास कापला जातो, उरलेल्या सर्व तासांना एकच दर मिळतो, आणि माल आला नाही की दोन तासांत घरी पाठवून तेवढेच पैसे लावतात. ‘ताशी कामगाराला डबल ओटी नसते,’ असे ठेकेदार सांगतो. हे खरे आहे का?
— एक वाचक, गंगापूर तालुका

उत्तर : खरे नाही. मजुरी तासावर मोजली म्हणून कामगाराचे हक्क तासापुरते उरत नाहीत. ‘सिंगल ओटी’, म्हणजे जादा कामाला (ओव्हरटाइमला) नेहमीचाच एकेरी दर, हा शब्द आपल्याकडच्या कारखान्यांत इतका रुळला आहे की तो कायद्यातलाच वाटावा. पण 1948 च्या कारखाने अधिनियमात जादा कामाला दुप्पट दर होता आणि 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या कामगार संहितांतही तो दुप्पटच आहे. शिवाय जादा कामासाठी कामगाराची संमती लागते.

आता तुमचा हिशेब पाहू. किमान वेतन उद्योग आणि परिमंडळ यांनुसार ठरते आणि मूळ वेतनावरचा विशेष भत्ता जानेवारी व जुलैमध्ये बदलतो, म्हणून इथे केवळ सोयीसाठी महिन्याचे 13,000 रुपये धरतो. त्याला महिन्यातील कामाच्या 26 दिवसांनी भागले की दिवसाचे 500 आणि आठाने भागले की तासाचे 62.50 रुपये होतात. सुट्टी वजा जाता तुमचे आठवड्याचे काम 69 तासांचे, मर्यादा 48 तासांची. म्हणजे 21 तास जादा, आणि त्यांचा दर 125 रुपये. एकेरी दराने तुमचे दर आठवड्याला 1,312.50 रुपये बुडतात.

जेवणाच्या सुट्टीबाबत मात्र ठेकेदाराची बाजू पूर्ण चुकीची नाही. सलग पाच तासांहून अधिक काम न करवता किमान अर्धा तास विश्रांती द्यावी लागते, पण ती कामाच्या तासांत धरली जात नाही. अर्थात त्या अर्ध्या तासात तुम्हाला यंत्रावर बोलावले जात असेल, तर ती सुट्टी नव्हे, कामच.

माल नसल्याने परत पाठवण्याचा मुद्दा मला सर्वांत गंभीर वाटतो. कामगार काम करायला तयार असताना मालकाने पूर्ण दिवसाचे काम दिले नाही, तर नियमांतील अपवाद सोडता त्याला पूर्ण दिवसाचे वेतन मिळाले पाहिजे, असे या कामगार संहितांपैकी वेतन संहितेच्या कलम 10 मध्ये आहे.

ठेकेदाराने पैसे दिले नाहीत, तर जबाबदारी कारखान्याच्या मालकावर येते. थकबाकीचा दावा तीन वर्षांपर्यंत करता येतो आणि रक्कम दिल्याचे सिद्ध करण्याचा भार मालकावर असतो. तरीही आजपासून येण्याजाण्याच्या वेळा वहीत लिहा, हजेरी कार्डाचे फोटो काढून ठेवा, पगाराची चिठ्ठी लेखी मागा आणि हे सारे घेऊन सरकारी कामगार अधिकाऱ्यांकडे अर्ज द्या. अर्जाच्या प्रतीवर पोच घ्यायला विसरू नका.