पांढरीची माती आणि इजिप्तमधलं कारानिस

प्रश्न : आमच्या गावाबाहेर जुन्या वस्तीची पांढरी आहे. तिथली माती पूर्वीपासून लोक बंडीनं वावरात नेऊन टाकतात, आता ट्रॅक्टर लागतात. इजिप्तमधलं एक जुनं शहर अशाच मातीपायी खणून नेलं म्हणतात, ते खरं का? आणि मातीत खापरं, मणी, नाणी निघाली तर काय करावं?
– एक शेतकरी, आर्वी तालुका, जि. वर्धा

उत्तर : खरं आहे. ते गाव कारानिस, कैरोच्या नैर्ऋत्येला फायूम भागात. आजचं नाव कोम औशीम. अरबीत ‘कोम’ म्हणजे टेकाड. इ.स.पू. तिसऱ्या शतकात इजिप्तवर राज्य करणाऱ्या ग्रीक टॉलेमी राजांनी फायूममध्ये नवी जमीन वहितीखाली आणली, ग्रीक सैनिकांना शेतं दिली, तेव्हा ते वसलं. रोमन अमलातही भरभराटीत होतं, पुढे ओस पडलं.

घरं कच्च्या विटांची : गाळाची माती, त्यात भुसा, उन्हात वाळवलेल्या. वाळू साचून गल्ली उंच झाली की खालचा मजला तळघर व्हायचा आणि वर नवी भिंत चढायची. चुलीची राख, शेण, कुजका भुसा शेकडो वर्षं त्यात मुरला आणि माती नत्रानं भरली. तिथले लोक तिला ‘सबाख’ म्हणतात. खत म्हणून ती इतकी उपसली की टेकाडाच्या मधोमध मोठा खड्डा पडला, म्हणजे गावाचं पोटच गेलं. मिशिगन विद्यापीठानं 1924 ते 1935 उत्खनन केलं ते उरलेल्या भागात. त्यात मगरदेवांचं देऊळ, धान्याची मोठी कोठारं, आणि दुसऱ्या शतकातल्या करवसुलीच्या पपायरसवरच्या (पाणवनस्पतीपासून केलेल्या कागदावरच्या) नोंदी मिळाल्या : कोणी किती भरलं ते नावानिशी. पाऊस जवळजवळ नाही, म्हणून कागद टिकला.

सबाख खणणाऱ्यांनाही पपायरस सापडत, ते बाजारात विकले जात. पण कोठारात पडलेली धान्याची पावती ते कोठार कोणाचं, केव्हाचं हे सांगते. तीच बाजारात गेली की नुसती पावती उरते. खरं नुकसान हे, आणि ते भरून येत नाही.

तुमच्या पांढरीत आपल्या पावसानं लाकूड, कापड, ताडपत्र कधीच कुजलं असणार. खापरं, मणी, हाडं, जळून कोळसा झालेलं धान्य मात्र टिकतं. म्हणून उकरलेल्या कडेकडे नीट पाहा. राखेचा काळपट पट्टा, त्याखाली चोपलेली पिवळी जमीन, पुन्हा राख : एकेक थर म्हणजे एकेका काळची वस्ती. ट्रॅक्टरचं पातं एका फेरीत असे चार थर एकत्र करतं.

वस्तू दिसली तर उपसायच्या आधी शेजारी मोजपट्टी ठेवून फोटो काढा, वरून किती खोल ते लिहा. जळकं धान्य धुऊ नका, कोरड्या कागदात ठेवा. नाणं चिंचेनं किंवा लिंबानं घासू नका. हिरव्या थरासोबत अक्षरंही निघून जातात. जमिनीत पुरलेली 10 रुपयांहून जास्त किमतीची वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवणं 1878 च्या निखात निधी कायद्यानं बंधनकारक आहे.

वावराला नत्र शेणखतातूनही मिळतं. टेकाडाला हात न लावता तलावातला गाळ उन्हाळ्यात आणा. तो हलक्या, मुरमाड रानात टाका, काळ्या भारी रानात नको.