छाटणीच्या हंगामात बागेत येणारे विद्यार्थी : पेस्ट, फवारणी आणि ओढ्याकाठची झाडी

प्रश्न : निफाड तालुक्यात नांदूरमध्यमेश्वर जलाशयाच्या वरच्या बाजूस, ओढ्याला लागून आमची चार एकर द्राक्षबाग आहे. उद्यानविद्या पदवीचे सहा विद्यार्थी कार्यानुभवासाठी ऑक्टोबर छाटणीपासून आमच्याकडे येणार आहेत. त्यांना पेस्ट लावण्याचे व फवारणीचे काम द्यावे का? ओढ्याकाठची बाभळी आणि पाणकणीस त्यांच्याकडूनच काढून घ्यावे, असाही विचार आहे. कारण द्राक्षे खाणारे पक्षी व बिबट्या तेथेच दडतात, असे शेजारी सांगतात.

उत्तर : आपण विद्यार्थी येण्याआधी विचारले, हे फार बरे केले. पेस्ट लावण्याचे काम पुढे सांगितलेल्या अटींवर देता येईल. पुढे सांगितलेले बोर्डो मिश्रण वगळता औषध मोजणे व कालवणे त्यांना देऊ नये. फवारणीचे शिक्षण आधी साध्या पाण्यावर द्यावे : एकरी किती पाणी लागते, कोणता नोझल किती सोडतो, ट्रॅक्टरचा वेग किती ठेवावा, हे सारे पाण्यावरच उत्तम शिकता येते. अठरा वर्षांखालील कोणी, उदाहरणार्थ पदविकेचा विद्यार्थी, सोबत असल्यास त्याला यांपैकी कोणत्याही औषधाला हात लावू देऊ नये.

छाटणीनंतर काडीवरचे डोळे (कोंब) एकसारखे फुटावेत म्हणून आपण लावतो त्या पेस्टमधील हायड्रोजन सायनामाइड हे दाहक रसायन आहे. कातडीला लागल्यास फोड येतात आणि डोळ्यांत गेल्यास गंभीर इजा होऊ शकते. अनेक बागांत अजूनही फडके बुडवून उघड्या हाताने किंवा कापडी हातमोजे घालून पेस्ट लावतात. कापडी हातमोजा ओला झाला की रसायन तासन् तास कातडीशी धरून ठेवतो. म्हणून मनगटाच्या वरपर्यंत येणारे नायट्राइल रबरी हातमोजेच घ्यावेत. मांडवातील काडी खांद्याच्या वर असते, हात वर होतो आणि ओघळ कोपराकडे उतरतो. अशा कामात बाहीचे टोक हातमोज्याच्या आत घ्यावे व हातमोज्याची कड बाहेर दुमडावी. बाही वर राहिली तर ओघळ थेट बाहीत शिरतो. डोळ्यांवर बंद चष्मा हवाच.

या रसायनाची आणखी एक बाब मजुरांना व विद्यार्थ्यांना स्पष्ट शब्दांत सांगावी लागते, संकोच करू नये. पेस्टशी संपर्क आल्यावर मद्य घेतल्यास चेहरा लाल होणे, छातीत धडधड, डोके दुखणे, धाप लागणे अशी तीव्र प्रतिक्रिया होते, कारण मद्य पचवण्याची शरीराची प्रक्रियाच हे रसायन अडवते. कामाच्या आदल्या दिवसापासून पुढे लेबलवर सांगितलेले दिवस पूर्ण होईपर्यंत मद्य वर्ज्य समजावे.

फवारणीबाबत माझा आग्रह अधिक कडक आहे. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व मजूर दगावले. त्या वर्षी कापूस डोक्याएवढा वाढला होता आणि फवारा अंगावर येत होता, हे त्यामागील एक कारण सांगितले गेले. द्राक्षाच्या मांडवाखाली तर फवारा दरवेळी डोक्यावर, मानेवर आणि पाठीवरच पडतो. नाका-तोंडाला बांधलेला रुमाल औषध शोषून ते ओठांशी धरून ठेवतो, त्याला संरक्षण म्हणता येणार नाही. श्वासातून जाणाऱ्या औषधाइतकीच, किंबहुना पुष्कळदा त्याहून अधिक, मात्रा कातडीतून शरीरात जाते. त्यामुळे पूर्ण बाह्यांचा अंगरखा, टोपी, चेहऱ्यावर पारदर्शक ढाल, गाळणीचा मुखवटा आणि पँटचे पाय बाहेर ठेवून घातलेले गमबूट, हे सर्व एकत्र लागते. डब्यावरील त्रिकोणाचा रंग प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ असावा : लाल अतितीव्र विषारी, त्याखालोखाल पिवळा, मग निळा आणि शेवटी हिरवा. हिरवा त्रिकोण म्हणजे निर्धोक, असा समज मात्र होऊ देऊ नये.

फवारणीनंतर कोणाच्या डोळ्यांच्या बाहुल्या बारीक झाल्या, लाळ व घाम सुटला, उलटी झाली किंवा स्नायू फडफडू लागले, तर अंगावरचे कपडे लगेच काढून साबणाने अंग धुवावे, १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि औषधाचा डबा किंवा त्याचे लेबल सोबत न्यावे. दूध-तूप पाजू नये व उलटी काढू नये. डॉक्टरांना लेबल दिसले की उपचाराचा वेळ वाचतो.

ब्लोअरच्या (ट्रॅक्टरला जोडलेल्या फवारणी यंत्राच्या) पी.टी.ओ. शाफ्टवर, म्हणजे ट्रॅक्टरची शक्ती त्याला पोहोचवणाऱ्या फिरत्या दांड्यावर, आवरण नसेल, तर ते बसवल्याशिवाय ट्रॅक्टर सुरू करू नये. ओढणी, मोकळे केस किंवा सैल बाही त्यात गुंतायला क्षणही लागत नाही. बोर्डो मिश्रण हे मोरचूद व चुन्याचे बुरशीनाशक विद्यार्थ्यांकडून जरूर करून घ्यावे, कारण एक टक्क्यासाठी शंभर लिटर पाण्यात एक किलो मोरचूद व एक किलो चुना हे प्रमाण हाताखालून गेल्याशिवाय पक्के होत नाही. परंतु कळीचा चुना विझवताना तो उकळून उडतो, म्हणून तेव्हा चष्मा घालावा आणि शेजारी स्वच्छ पाण्याची बादली भरून ठेवावी. डोळ्यांत कण गेल्यास पंधरा मिनिटे धुवत राहून मग दवाखाना गाठावा.

आता ओढ्याविषयी. आपला ओढा ज्या जलाशयाला मिळतो ते नांदूरमध्यमेश्वर हे महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) असून त्याची घोषणा जानेवारी २०२० मध्ये झाली. गोदावरी व कादवा यांच्या संगमावरील या पाण्यावर थापट्या, तलवार बदक यांसारखे पाहुणे पक्षी हिवाळ्यात उतरतात, आणि आपल्याकडे डावणी या बुरशीजन्य रोगासाठी फवारण्या सर्वांत दाट असतात तोही हाच काळ आहे. मोरचुदातील तांबे मासे, शेवाळ व गोगलगायींना थोड्या प्रमाणातही घातक असते. म्हणून पंप किंवा ब्लोअरची टाकी ओढ्यात धुऊ नये. रिकामा डबा तीन वेळा विसळून ते पाणी फवारणीच्याच टाकीत ओतावे, नंतर डब्याला भोके पाडावीत. धुवणाचे पाणी व रिकामे डबे यांमुळे पाणी दूषित होऊ नये, ही जबाबदारी कीटकनाशके नियम, १९७१ नेही वापरणाऱ्यावर टाकली आहे. ओढ्याकडील शेवटच्या दोन ओळी फवारताना बाहेरच्या बाजूचे नोझल बंद ठेवावेत आणि वारा ओढ्याकडे वाहत असेल तर ते काम पुढे ढकलावे.

बाभळी व पाणकणीस काढू नये, असा माझा स्पष्ट सल्ला आहे. हा पट्टा काठाची माती धरतो आणि बागेतून वाहणारा गाळ व औषधाचा अंश ओढ्यात जाण्याआधी अडवतो. तेथील चतुर, कोळी आणि कीटकभक्षी पक्षी बागेतील किडीही खातात. आपल्या शिवारात कोणी कांद्याचे बियाणे करत असेल, तर गोंड्यांत बी भरणे मधमाश्यांवर अवलंबून असते आणि बाभळीचा फुलोरा त्यांना इतर वेळी आधार देतो. भोरड्यांचे थवे दूरवरून येऊन द्राक्षे खातात, त्यामुळे आपला एक पट्टा तोडल्याने ते थांबणार नाहीत; त्यासाठी ताणून बसवलेली जाळी हाच उपाय आहे. सैल जाळीत पक्षी व साप अडकून मरतात, तेव्हा ती सकाळ-संध्याकाळ तपासण्याचे काम विद्यार्थ्यांना द्यावे. सोबत त्या पट्ट्यात दर आठवड्याला कोणते पक्षी दिसले याची नोंदही त्यांनी ठेवावी, फवारणीच्या नोंदवहीशेजारी ती ठेवल्यास दोन्हींचा संबंध त्यांना स्वतःच दिसेल.

बिबट्या मुख्यतः उसात राहतो, मादी पिल्लेही तेथेच घालते. पट्टा काढला तरी भोवतालचा ऊस राहणारच आहे. सायंकाळी उसालगत कोणी एकट्याने वाकून किंवा बसून काम करू नये. पिल्ले आढळल्यास हात न लावता मागे फिरावे व वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. मादी बहुधा रात्री त्यांना न्यायला येते.

शेवटी शेततळे. प्लॅस्टिकच्या अस्तरावर पाय ठरत नाही आणि पोहता येणारा माणूसही बाहेर पडू शकत नाही. चारही बाजूंना गाठी मारलेला जाड दोर पाण्यात सोडून वर पक्का बांधावा, तळ्याला कुंपण घालावे आणि एका कोपऱ्यात खडबडीत उतार किंवा जुन्या टायरांची शिडी ठेवावी; तिच्यावरून आत पडलेले कोल्हा, मुंगूस यांसारखे प्राणीही वर येतात. विद्यार्थिनी येणार असतील तर हातमोजे व गमबूट लहान मापांचेही मागवावेत, कारण मोठ्या मापाचा हातमोजा काम करताना निसटतो आणि मग तो काढूनच ठेवला जातो.