सेल्फ मारला की सगळी गाडीच मरते: बॅटरी बदलण्याआधी हे मोजा

चावी फिरवली, एकदाच ‘टक्’ झालं आणि डॅशबोर्ड, दिवे, घड्याळ सगळं गेलं. दहा मिनिटांनी बॉनेट उघडून जरा हात लावला तर सगळं परत आलं. बॅटरी दोन महिन्यांपूर्वीच नवी घातलेली. तुमचं हे वर्णन वाचलं आणि माझं ते अख्खं वर्ष आठवलं, कारण माझ्या गाडीचं दुखणं अगदी हेच होतं. म्हणून जरा लांबलचक लिहितो.

टर्मिनल घासणं, क्लॅम्प (केबलचं बॅटरीच्या खुंटावर बसणारं टोक) आवळणं हे तुम्ही केलंच असणार, त्यात शिरत नाही. मी मेकॅनिक नाही, एका गाडीच्या मागे वर्षभर लागलेला माणूस आहे, हे धरून वाचा. गाडी हायब्रिड असेल तर जाड केशरी केबलींना हात लावू नका, तिथे यातलं काहीही करायचं नाही.

सेल्फ मारल्यावर ‘टक-टक-टक’ असा सलग आवाज येऊन दिवे मंद होत असतील तर बहुतेक वेळा बॅटरीच उतरलेली असते. तुमचं तसं नाही. एकच ‘टक्’ आणि मग काळोख, याचा अर्थ बॅटरीत ताकद असूनही ती गाडीपर्यंत पोचत नाहीये. वाट कुठेतरी तुटते, आणि थोड्या वेळाने जुळते.

आता माझी चूक. तिच्यापायी मी नवी बॅटरी घातली आणि नवा स्टार्टरही बसवला. दोन्हींची गरज नव्हती. मला काळ्या केबलचा, म्हणजे बॅटरीच्या ऋण (−) खुंटापासून बॉडीला जाणाऱ्या अर्थिंगचा, संशय अगदी पहिल्या आठवड्यात आला होता. मी ती काढली, टेबलावर ठेवली, मल्टीमीटर कंटिन्युइटीवर (तार सलग असली की बीप देणारी सेटिंग) लावला. स्वच्छ बीप वाजला. ‘केबल ठीक’ असं वहीत लिहिलं आणि पुढे वर्षभर तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

तो बीप काय सांगतो? मीटर केबलमधून जेमतेम काही मिलीअँपिअर सोडतो. तांब्याची एक तार शाबूत असली तरी त्याला पुरते. स्टार्टर मात्र १५० अँपिअर किंवा त्याहून जास्त ओढतो, डिझेल गाडीत तर आणखी. जोडात ०.०५ ओहम एवढा किरकोळ अडथळा धरा. दोन हेडलाइटना मिळून साधारण १० अँपिअर लागतात, म्हणजे तिथे अर्धा व्होल्ट जातो आणि डोळ्याला काही कळत नाही. १५० अँपिअरला तिथेच साडेसात व्होल्ट जातात. मग स्टार्टरला उरतं काय? त्यात जोड तापतो, उरलेला स्पर्शही सुटतो आणि सगळी गाडी बंद. गार झाला की परत टेकतो. साध्या मीटरच्या पिनांचाच अडथळा ०.०५ पेक्षा जास्त भरतो, त्यामुळे ओहममध्ये मोजून हा दोष दिसणारच नाही. केबल गाडीत जोडलेली असताना आणि तिच्यातून करंट जात असतानाच मोजायची, तेही व्होल्टमध्ये.

दुसरं म्हणजे, गाडी मेली की माझा हात आधी क्लॅम्पवर जायचा. हलवला की गाडी चालू, आणि मी खूश! पण दोष सापडण्याची वेळ नेमकी तीच होती आणि दर वेळी मीच ती घालवत होतो. तुम्ही हात लावू नका, बॉनेटही हळूच उघडा.

गाडी मेलेली असतानाच हेडलाइटचं बटण चालू ठेवा. मीटर डीसी २० व्होल्टवर. दोन्ही पिना बॅटरीच्या शिशाच्या खुंटांवरच टेकवा, क्लॅम्पवर नाही. तिथे १२.४ ते १२.६ दिसले तर दोष बॅटरीच्या बाहेर आहे. खुंटांवरच दोन-तीन व्होल्ट असतील तर बॅटरीच्या आतला जोड तुटतोय. नव्या बॅटरीतही हे होतं, आणि नंतर तीच बॅटरी १२.६ दाखवते. म्हणून त्या क्षणाचा व्हिडिओ घ्या, वॉरंटीच्या काउंटरवर तोंडी सांगून कोणी ऐकत नाही.

खुंटांवर व्होल्टेज ठीक असेल तर काळी पिन ऋण खुंटावर ठेवा आणि लाल पिन क्रमाने सरकवा: क्लॅम्प, केबलचं दुसऱ्या टोकाचं थिंबल (बोल्टखाली बसणारी धातूची कडी), बॉडीचा उघडा पत्रा, इंजिनचं उघडं धातू. शून्य, शून्य आणि एकदम १२ च्या आसपास आलं, की तुटलेली जागा शेवटच्या दोन ठिकाणांच्या मध्ये. सगळीकडे शून्यच आलं तर हीच कसरत धन खुंटापासून फ्यूज बॉक्सकडे आणि स्टार्टरच्या जाड टर्मिनलकडे करा. फिरणाऱ्या पट्ट्यापासून बाही लांब ठेवा.

गाडी मरायची वाट बघायची नसेल तर गिअर न्यूट्रल, हँडब्रेक ओढलेला, आणि दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगून ऋण खुंट ते इंजिन एवढंच मोजा. अर्ध्या व्होल्टच्या वर गेलं तर संशय घ्या. माझ्या गाडीत चारच्या वर गेलं होतं. क्लॅम्प चकचकीत होता, बोल्ट घट्ट होता. बॉडीकडच्या थिंबलवरचं रबरी आवरण कापलं तेव्हा आतलं तांबं हिरवट भुगा झालेलं, जेमतेम पाच-सहा तारा उरलेल्या. केबल बदलली. त्यानंतर एकदाही त्रास नाही.

गॅरेजबद्दल बोलल्याशिवाय राहवत नाही. तीनदा गाडी ठेवून घेतली. तिन्ही वेळा स्कॅनर लावला, त्यात लो व्होल्टेजचे डझनभर कोड आले आणि त्यावरून त्यांनी मला ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा कॉम्प्युटर, बदलायला सांगितला. अहो, वीजच गेल्यावर प्रत्येक मॉड्यूल व्होल्टेज कमी म्हणूनच ओरडणार! एकानेही सेल्फ मारताना मीटर लावला नाही. ‘आमच्याकडे तर चालू होते’ म्हणून गाडी परत. माझं स्पष्ट मत आहे: व्होल्टेज ड्रॉप (सेल्फ मारताना केबलीत आणि जोडात किती व्होल्ट जातात ते) न मोजता ईसीयूचं नाव काढणाऱ्याकडे गाडी ठेवू नका.

केबल काढताना आधी ऋण, लावताना ऋण शेवटी. आणि चालू इंजिनवर बॅटरीची केबल काढून अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारा) तपासायला कोणी सांगितलं तर ठाम नाही म्हणा, व्होल्टेज उसळून इलेक्ट्रॉनिक्स जळू शकतं. चालू इंजिनवर खुंटांवर साधारण १३.८ ते १४.४ दिसले की चार्जिंग ठीक आहे.

मीटर नसेल तर जंपर केबल आहे का बघा. गाडी मेली की तिचं एक टोक ऋण क्लॅम्पला न लावता थेट खुंटाला टेकेल असं पकडा, दुसरं इंजिनच्या जाड धातूला. दिवे लगेच आले तर दोष काळ्या बाजूला आहे, लाल बाजू उघडत बसू नका. दिवे आले की नाही, तेवढं इथे कळवा.