अर्धवट आठवणारं पुस्तक कसं शोधावं

रोलर कोस्टर आणि तसल्या करमणुकीच्या पाळण्यांवरचं एक पुस्तक तुला अर्धवट आठवतंय आणि ते बडोद्यात राहून शोधायचंय, तर मुखपृष्ठ निळं होतं की हिरवं, यात डोकं शिणवू नकोस. आवृत्तीगणिक ते बदलतं. आतली चित्रं आठव, त्यावरून पुस्तकाचा काळ काढता येतो. रोलर कोस्टरचे रूळ पोलादी नळीचे होते? असे रूळ डिस्नेलँडच्या मॅटरहॉर्न या रोलर कोस्टरवर १९५९ साली आले. उभं वेटोळं पूर्ण गोल नसून थेंबासारखं, वर निमुळतं होतं? मग पुस्तक बहुधा १९७६ नंतरचं. त्या वर्षी कॅलिफोर्नियात जर्मन अभियंते व्हेर्नर स्टेंगेल यांच्या आकडेमोडीवर तसं वेटोळं उभं राहिलं. गोल वेटोळ्यात शिरताक्षणी मानेवर फार भार येतो, म्हणून खाली त्रिज्या मोठी आणि वर लहान ठेवतात. (तुला नेमकी ही आकृती आठवत असेल, तर अर्धं काम झालंच म्हण.)

काळ ठरला की वर्ल्डकॅटवर (जगभरच्या ग्रंथालयांची एकत्रित ऑनलाइन सूची) ‘अम्यूझमेंट राइड्स’ हा विषय घालून वर्षांची मर्यादा लाव. एखादं चमत्कारिक वाक्य लक्षात असेल, तर इंटरनेट अर्काइव्ह या स्कॅन केलेल्या पुस्तकांच्या संकेतस्थळावर पुस्तकांच्या मजकुरातच शोध. नुसतं गूगल करणं म्हणजे वेळ घालवणं.

बडोद्यात मांडवीजवळचं मध्यवर्ती ग्रंथालय आणि विद्यापीठाचं हंसा मेहता ग्रंथालय, दोन्हीकडे चौकशी कर. पुस्तकांना विषयवार क्रमांक देण्याच्या ड्युई पद्धतीत करमणूक ७९१ मध्ये येते, यंत्रं ६२१ मध्ये. असं पुस्तक कुठेही लावलेलं असू शकतं. आणि काउंटरवर ‘पाळण्यांचं पुस्तक’ म्हणू नकोस, थेट बालविभागात पाठवतील.